पावसाचा हिशेब

बीडहून सोलापूरच्या वाटेला लागलेला प्रवासी मांजरसुंब्याचा घाट चढून वर येतो, चहासाठीं घटकाभर थांबतो आणि पुढें निघून जातो. तेवढ्या अवधींत आपण एक मोठी सीमा ओलांडली, हें त्याच्या गांवींही नसतें. ही सीमा कोणा राजानें आंखलेली नाहीं. ती पाण्यानें आंखलेली आहे. बालाघाटाच्या या रांगेच्या उत्तर उतारावर पडलेला पाऊस बिंदुसरेकडे धांवतो, बीड शहराच्या मधून वाहतो, सिंदफणेस मिळतो, माजलगांवच्या जलाशयांत विसावतो आणि मंजरथाजवळ गोदावरीच्या स्वाधीन होतो. दक्षिणेच्या पठारावर पडलेला पाऊस मात्र मांजरेचा. तो बीड, धाराशिव आणि लातूर हे जिल्हे पाहतो, बीदरच्या मुलखांतून तेलंगणांत शिरतो, तेथें जणूं कांहीं आठवण होऊन पुन्हां उत्तरेकडे वळतो आणि सातशें किलोमीटरांहून अधिक मजल मारून नांदेड जिल्ह्याच्या सीमेवर, कुंडलवाडी आणि कंदकुर्तीच्या परिसरांत, त्याच गोदावरीला भेटतो. एकाच ढगांतून, हातभर अंतरानें पडलेल्या दोन थेंबांचीं नशिबें इतकीं निराळीं!

परंतु या दोन्ही थेंबांना एक समान प्रश्न विचारला जातो, आणि तो विचारणाऱ्यांचीच हकीकत येथें सांगावयाची आहे. पडलेल्या पावसापैकीं कांहीं भाग ऊन पिऊन टाकतें, कांहीं माती आणि पिकें घेतात, कांहीं खडकाच्या भेगांतून खालीं मुरतो. उरेल तो नदीस मिळतो. तो उरेल किती? धरण केवढें बांधावें, कालवा कोठवर न्यावा, कोणत्या शहरास किती पाणी देण्याचें वचन द्यावें, हें सारें या एका प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून आहे. आज हें उत्तर प्रचंड गणकयंत्रें देतात. सबंध पृथ्वीच्या नद्या, विहिरी, शेतें आणि गटारें आंकड्यांत उतरवून पुढील शंभर वर्षांचें भाकीत करणारीं गणितें तयार झालीं आहेत. इंग्रजी शिकलेले लोक त्यांना मॉडेल म्हणतात. आपण येथें प्रतिमान म्हणूं. यंत्र नवें असलें तरी हिशेब फार जुना आहे, आणि त्याच्या जुनेपणाची खूण आपल्याच प्रदेशाच्या इतिहासांत सांपडते.

कौटिल्याच्या नांवावर असलेल्या अर्थशास्त्रांत, शेतीखात्याच्या अधिकाऱ्याचीं कर्तव्यें सांगतांना, निरनिराळ्या देशांचें पर्जन्यमान द्रोण या मापांत दिलेलें आहे. जांगल प्रदेशाचे सोळा द्रोण, अवंतीचे तेवीस, अश्मकाचे साडेतेरा. आणि अपरान्ताचा, म्हणजे आपल्या कोंकणाचा, पाऊस अमित! अश्मक म्हणजे गोदावरीच्या मधल्या खोऱ्याशीं विद्वान् जोडतात तो देश. घाटाखालीं मोजतां येणार नाहीं इतका पाऊस आणि घाटाच्या पाठीमागें गोदाकांठीं सर्वांत थोडा, हा भेद त्या ग्रंथकाराला पुरता ठाऊक होता. पावसाचें भांडें कोठें ठेवावें, हेंही त्यानें सांगून ठेवलें आहे: हातभर रुंद तोंडाचें कुंड कोठाराजवळ ठेवावें. नदीकांठीं नव्हे, कोठाराजवळ! राजाला नदींत पाणी किती येईल याची चिंता नव्हती. धान्य किती पिकेल आणि त्यांतून आपला भाग किती, याची होती. पाऊस मोजण्याची बुद्धि माणसाला महसुलांतून झाली असें मीं म्हटलें, तर माझे काव्यप्रेमी स्नेही रागावतील. पण पुरावा मजकडे आहे. कारण पुढें युरोपांतही हा हिशेब प्रथम पुरता मांडला तो एका बडतर्फ झालेल्या वसुली अधिकाऱ्यानेंच. त्याचें नांव प्येर पेरो. परीकथा लिहिणाऱ्या शार्ल पेरोचा हा भाऊ. पॅरिसच्या सेन नदीच्या उगमाकडील खोऱ्यांत तीन वर्षांत पाऊस किती पडला आणि नदीनें किती वाहून नेला, याची तुलना करून १६७४ सालीं त्यानें दाखवून दिलें कीं, नदीला पावसाचा सहावा हिस्सा पुरतो. नद्यांचें पाणी समुद्रांतून भूमीच्या पोटांतल्या वाटांनीं वर येतें, ही जुनी समजूत त्या दिवसापासून डळमळूं लागली.

आकड्यांवांचूनही पाण्याचें ज्ञान असूं शकतें, हें सांगायला बीडच्या दक्षिणेची खजाना विहीर पुरे आहे. मुर्तझा निजामशहाच्या काळांत, सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धांत, बीडचा जहागीरदार सलाबतखान यानें ती बांधविली. तिचा शिल्पकार राजा भास्कर या नांवानें ओळखला जातो. या विहिरीला तीन भुयारी वाटा आहेत. दोहोंतून पाणी आंत येतें, तिसरीनें बाहेर पडून तें बलगुजारच्या शेतीबागांकडे जातें. पंप नाहीं, मोट नाहीं, नुसता उतार. ज्यानें ही योजना केली, त्याला डोंगराच्या पायथ्याशीं झिरपा कोणत्या थरांतून वाहतो आणि तो किती खालीं गांठावा, याचें सूक्ष्म ज्ञान होतें, यांत शंका नाहीं. पण त्यानें तें लिहून ठेवलें नाहीं. दुसऱ्या विहिरीला तें उपयोगीं पडावें, अशी सोय त्यानें केली नाहीं. ज्ञान त्या एका विहिरीपाशीं थांबलें. गणिताचा गुण आणि अवगुण दोन्ही येथेंच समजतात: गणित एका ठिकाणचें ज्ञान दुसऱ्या ठिकाणीं नेतें, मात्र नेतांना त्या ठिकाणाची ओळख बहुधा वाटेंत सांडतें.

आपल्याकडे हें नेण्याचें काम इंग्रजी अमदानींत सुरूं झालें. मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यांतील स्ट्रेंज या अभियंत्यानें एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कोष्टकें तयार केलीं. खोरें चांगलें, मध्यम कीं वाईट, जमीन कोरडी, ओलसर कीं भिजलेली, हें ठरवावें आणि कोष्टकांत पाहून पावसाच्या किती टक्के पाणी वाहील तें वाचावें. भिजलेल्या जमिनीवर पडलेला पाऊस आणि तापलेल्या जमिनीवर पडलेला पाऊस एक नव्हे, ही कुणब्याला ठाऊक असलेली गोष्ट त्यानें सरकारी कागदावर आणली, म्हणून त्याला नमस्कार करावा. पुढें, १९२९ च्या सुमारास, इंग्लिस आणि डिसूझा या दोघांनीं पश्चिम हिंदुस्थानांतील ५३ ठिकाणच्या प्रवाहांचीं मापें घेऊन दोन लहानशीं सूत्रें सांगितलीं. एक घाटासाठीं, एक देशासाठीं. हेच इंग्लिस पुढें पुण्याच्या जलसंशोधन केंद्राचे प्रमुख झाले. अर्थशास्त्रानें अपरान्त आणि अश्मक यांमध्यें जी रेघ ओढली होती, तीच या सूत्रांनीं पुन्हां ओढली. हें मला फार मौजेचें वाटतें.

देशावरचें सूत्र इतकें सोपें आहे कीं, वाचकांनीं कंटाळा न करतां तें एकवार करून पाहावें. वर्षाचा पाऊस इंचांत घ्या. त्यांतून सात वजा करा. आलेल्या संख्येनें मूळ पावसाला गुणा आणि शंभरानें भागा. उत्तर येईल तें नदीस मिळणारें पाणी, तेंही इंचांतच. पाऊस २८ इंच पडला तर २८ गुणिलें २१, भागिलें १००. म्हणजे सुमारें ५.९ इंच. बीड जिल्ह्याची सरासरी याहून किंचित् कमीच आहे. आतां पाऊस चौथ्या हिश्शानें घटून २१ इंच झाला, असें समजा. २१ गुणिलें १४, भागिलें १००, उत्तर २.९ इंच. पाऊस चतुर्थांश गेला आणि नदी निम्मी झाली! पाऊस निम्मा, म्हणजे १४ इंच पडला, तर नदीला एक इंचही लाभत नाहीं; तिचा सहावा हिस्सा उरतो. आणि सात इंचांखालीं नदी मुळींच नाहीं. घाटावर असें होत नाहीं. तेथील सूत्राप्रमाणें दोनशें इंचांचे शंभर झाले तरी नदीला जवळजवळ निम्मा वांटा मिळतो. पावसाची तूट देशावर पोंचेपर्यंत अनेक पटींनीं वाढते. पाऊस "सरासरीच्या पंचाहत्तर टक्के" झाला, ही बातमी महाबळेश्वरास आणि मांजरसुंब्यास एकाच शब्दांत दिली जाते. तिचा अर्थ मात्र दोन्हीकडे एक नसतो.

बीड तेव्हां मुंबई इलाख्यांत नव्हतें. १९४८ पर्यंत तें निजामाच्या राज्यांत होतें. पण खडक तोच, माती तीच, आणि पाऊसही त्याच लहरीचा. हैदराबादेंत पाण्याच्या हिशेबाला वळण लागलें तें संकटामुळें. १९०८ च्या सप्टेंबरांत मुसी नदीला आलेल्या पुरानें शहराचा मोठा भाग धुऊन नेला. त्यानंतर विश्वेश्वरय्यांना पाचारण झालें, आणि नबाब अली नवाज जंग यांच्यासारखा तोलाचा अभियंता राज्याला लाभला. त्यांच्या नांवानें ओळखलें जाणारें पुराचें सूत्र अभियांत्रिकीच्या पुस्तकांत आहे. त्या सूत्रांत पावसाचें नांवही नाहीं! खोऱ्याचें क्षेत्रफळ घालावें आणि महापुराचा आंकडा काढावा. जेथें पर्जन्यमापकें तुरळक आणि धरण तर बांधावयाचें, तेथें दुसरें करणार काय? याच अली नवाज जंगांच्या हातून १९२३ ते १९३१ या काळांत निजामसागर उभा राहिला, आणि तो उभा राहिला आपल्या मांजरेवर. बालाघाटांतून निघालेल्या पाण्याचें पहिलें मोठें धरण बालाघाटापासून शेंकडों किलोमीटर दूर, तेलंगणांत झालें.

त्या धरणाची पुढील कथा अशी. पाण्याचा अंदाज जमला, मातीचा जमला नाहीं. जितका गाळ दरवर्षीं येईल म्हणून धरला होता, त्याहून कितीतरी पटींनीं तो आला, आणि अर्ध्या शतकाच्या आंत जलाशयाची निम्म्याहून अधिक जागा मातीनें भरली. ती माती कोणाची? मांजरेच्या सबंध खोऱ्यांतील शेतांची. अर्थात् आमच्या पठाराचीही. खोऱ्याच्या वरच्या अंगास बांध फुटला, झाड तुटलें, उतारावर नांगर फिरला, कीं त्याची नोंद खालच्या धरणाच्या तळाशीं होते. गणितानें पाणी आणि माती हीं दोन निराळीं खातीं मानलीं होतीं. नदीनें तीं एकत्र केलीं.

स्वातंत्र्यानंतर, आणि विशेषतः १९६० सालीं महाराष्ट्र राज्य झाल्यावर, धरणांचा काळ आला. पैठणच्या जायकवाडीची कोनशिला लालबहादुर शास्त्री यांनीं १९६५ सालीं बसविली आणि १९७६ सालीं इंदिरा गांधींच्या हस्तें धरणाचें उद्घाटन झालें. मधल्या १९७२ च्या दुष्काळाची आठवण ज्यांच्या घरांत आहे, त्यांना या धरणाकडे मराठवाडा कोणत्या डोळ्यांनीं पाहत होता, हें सांगावयास नको. अशा धरणाचा संकल्प करतांना अभियंते एक शब्द वापरतात: पंचाहत्तर टक्के विश्वासार्हता. चार वर्षांपैकीं तीन वर्षें जेवढें पाणी खात्रीनें येईल, तेवढें हिशेबांत धरावयाचें. हा नियम वाईट नाहीं; शेतीसाठीं तो समंजसच म्हटला पाहिजे. चौथ्या वर्षीं पीक बुडेल, तीन वर्षांच्या कमाईवर कुणबी तगून जाईल. पण याच धरणांवर पुढें शहरें विसंबूं लागलीं, आणि शहराला चौथें वर्ष नसतें. तहान दररोज लागते. शिवाय हीं चार वर्षें वाटून आलेलीं नसतात. वाईट वर्षें एकापाठोपाठ एक येण्याची खोड आमच्या आकाशाला फार जुनी आहे.

मांजरेवर, बीड जिल्ह्याच्या केज तालुक्यांत, धनेगांव येथें धरण आहे. लातूर शहर त्याचें पाणी पितें. २०१४ आणि २०१५ हीं दोन्ही वर्षें कोरडीं गेलीं आणि धरण आटलें. एप्रिल २०१६ मध्यें मिरजेहून रेल्वेगाडीनें लातुरास पाणी न्यावें लागलें. पहिल्या गाडीला दहा टांक्या होत्या, प्रत्येकींत पन्नास हजार लिटर. पांच लाख लिटर पाणी रुळांवरून येतांना पाहून देशभर हळहळ झाली. त्याच वर्षाच्या पावसाळ्याच्या अखेरीस मांजरेला पूर आला आणि तेंच धरण भरून दरवाजे उघडण्याची पाळी आली. या दोन वर्षांची आणि त्या एका पावसाळ्याची सरासरी काढली, तर ती कोणाच्याही डोळ्यांत भरण्यासारखी नसेल. कागदावर सर्व ठीक दिसेल. पाण्याच्या गणिताचा अर्धा इतिहास म्हणजे या सरासरी नामक गृहस्थावर ठेवलेल्या विश्वासाचा इतिहास आहे, आणि उरलेला अर्धा त्याच्या तावडींतून सुटण्याच्या प्रयत्नांचा.

गणकयंत्रानें हा प्रयत्न प्रथम शक्य केला. वर्षाचा पाऊस एकदम न घेतां तासातासाचा घ्यावा. माती, झरा, ओढा यांना एकापुढें एक ठेवलेल्या टांक्या समजावें. एकींतून दुसरींत किती उतरलें हें प्रत्येक तासाला मोजावें. आणि हें वर्षानुवर्षें चालवावें. मनुष्याच्या हातानें हें करावयाचें तर एका लहानशा खोऱ्याला कारकुनांची पलटण लागेल. अमेरिकेंत स्टॅनफर्ड येथें क्रॉफर्ड आणि लिन्सली यांनीं १९६६ सालीं असें प्रतिमान प्रसिद्ध केलें, आणि आजच्या बहुतेक प्रतिमानांचें कूळ तेथवर नेतां येतें. त्याच सुमारास हवामानाचें गणित मांडणाऱ्या मनाबे या जपानी शास्त्रज्ञाला भूमीची गरज पडली. कारण हवेला ओल भूमीकडून मिळते. त्यानें १९६९ सालीं काय केलें? सबंध पृथ्वीची जमीन म्हणजे ठिकठिकाणीं ठेवलेल्या बादल्या, प्रत्येक बादली पंधरा सेंटिमीटर पाणी मावेल एवढी, असें धरलें. बादली भरली कीं वरचें पाणी वाहून जाईल. गंगेचा गाळ, सहारेची वाळू आणि बालाघाटाचा मुरूम, सर्वांना एकच बादली! हें ऐकून हंसूं येतें. पण याच मनाबेंना २०२१ सालीं भौतिकशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें, हें ध्यानांत ठेवून हंसावें. मोठ्या प्रश्नाला प्रथम ओबडधोबड हत्यार लागतें.

पुढें बादल्या सुधारल्या. १९९० नंतर जर्मनी, हॉलंड, जपान, अमेरिका येथील विद्यापीठांतून सबंध जगाच्या गोड्या पाण्याचीं प्रतिमानें निघालीं. कासेल येथें सुरूं झालेलें वॉटरगॅप हें त्यांतलें प्रसिद्ध आहे. त्यांत केवळ नद्या नाहींत. ओलिताखालचीं शेतें, कारखाने, शहरें, गुरें यांचा वापरही आहे. पृथ्वीच्या पाठीवर अर्ध्या अर्ध्या अंशाचे चौकोन आंखून प्रत्येकाचा जमाखर्च मांडलेला आहे. आमच्या अक्षांशावर असा एक चौकोन सुमारें २,९०० चौरस किलोमीटरांचा होतो. बीड जिल्ह्याच्या चतुर्थांशाहून थोडा मोठा. बीड शहर, मांजरसुंबा, चौसाळा हीं सारीं एकाच चौकोनांत बसतात. म्हणजे ज्या माथ्यावरून दोन थेंब दोन दिशांना जातात, तो माथा त्या गणितांत नाहींच. चौकोनाचें सारें पाणी एकाच वाटेनें बाहेर पडतें. हा त्या शास्त्रज्ञांचा अपराध नव्हे. गोदावरी समुद्रास किती पाणी देते, हें त्यांना जाणावयाचें होतें, आणि दोन्ही थेंब अखेर गोदावरीचेच. घोटाळा होतो तो असे आंकडे दुसऱ्या कामाला लावले म्हणजे. जगाच्या नकाशावर एक लाल डाग पाहून एखाद्या गांवाचें पाणी संपलें किंवा उरलें असें बोलणें, म्हणजे पंचांगांतील मेषेचें वर्षफल वाचून आपल्या आळींतील मेष राशीच्या प्रत्येक माणसाचें भविष्य ठरविण्यासारखें आहे.

आकाशांतून वजन करण्याची युक्तीही निघाली. २००२ सालीं ग्रेस नांवाचे दोन जुळे उपग्रह सोडण्यांत आले. पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणांतील बारीक फरकांवरून भूमींतील पाणी कमी झालें कीं वाढलें, हें त्यांनीं सांगितलें. पंजाब, हरियाणा आणि राजस्थान येथील भूजल कसें झपाट्यानें आटत आहे, याची त्यावरून केलेली मांडणी २००९ सालीं प्रसिद्ध झाली, तेव्हां तिनें जगाचें लक्ष वेधलें. तेथें ही दृष्टि सार्थ ठरते, कारण तेथील गाळाच्या थरांत पाणी सलग पसरलेलें आहे आणि प्रदेश विस्तीर्ण आहे. आमच्या काळ्या खडकाची गोष्ट निराळी. त्यांत पाणी भेगांत, सांध्यांत आणि मुरमाच्या पातळ थरांत असतें. एका शेतांतील विहिरीला पाणी लागतें आणि बांधापलीकडील विहीर कोरडी राहते, हें मराठवाड्यांतील पोरालाही ठाऊक आहे. परंतु शेंकडों किलोमीटरांच्या नजरेला ही विहीर आणि ती विहीर एकच.

येथवर पाण्याच्या परिमाणाची गोष्ट झाली. त्याच्या शुद्धतेचा हिशेब अजून तरुण आहे. स्ट्रीटर आणि फेल्प्स या दोघांनीं अमेरिकेतील ओहायो नदीचा अभ्यास करून १९२५ सालीं त्याचें पहिलें सूत्र दिलें. शहराची घाण नदींत पडली कीं तिच्या कुजण्यानें पाण्यांतील प्राणवायु खर्च होतो. वाहतां वाहतां हवेंतून नवा प्राणवायु मिळतो. त्यामुळें शहराखालीं कांहीं अंतरावर नदी सर्वांत अधिक आजारी असते आणि पुढें हळूहळू बरी होते. पुढील बहुतेक सर्व जलशुद्धतेचीं गणितें या सुंदर कल्पनेवर उभीं आहेत. मात्र त्या कल्पनेंत एक गोष्ट न बोलतां गृहीत धरलेली आहे: नदी वाहत आहे. मराठवाड्यांतील लहान नद्या वर्षांतील कित्येक महिने वाहत नाहींत. तेव्हां त्यांच्या पात्रांत जें असतें, तें बहुतांशीं गांवाचें सांडपाणीच. बरें होण्यासाठीं रुग्णाला जी ताकद लागते, तीच येथें गैरहजर. ओहायोचें सूत्र उन्हाळ्यांतल्या बिंदुसरेला लावणाऱ्यास त्यांतून कांहींतरी उत्तर मिळेलच; सूत्रें कधीं नाहीं म्हणत नाहींत.

महाराष्ट्र सरकारनें या नव्या विद्येकडे पाठ फिरविली, असें मात्र कोणीं म्हणूं नये. जागतिक बँकेच्या साह्यानें १९९५ सालीं सुरूं झालेल्या जलविज्ञान प्रकल्पांत आपलें राज्य होतें. पर्जन्यमापकें, प्रवाहमापन केंद्रें, निरीक्षण विहिरी आणि पाणी तपासण्याच्या प्रयोगशाळा यांची शिस्तवार मांडणी तेव्हां झाली. पुढच्या टप्प्यांत कृष्णा आणि भीमा खोऱ्यांसाठीं पुराचें आगाऊ गणित करणारी यंत्रणा उभारण्यांत आली. धरणाचे दरवाजे केव्हां आणि किती उघडावे, हें ठरवितांना अशा यंत्रणेचें मोल फार आहे. तेथें चूक चार दिवसांत कळते आणि सुधारतांही येते. गोदावरीच्या खोऱ्यांत गणिताचा निराळाच उपयोग झाला. तेथें तें भांडणाच्या मध्यस्थीला बसलें.

वरच्या अंगास नाशिक आणि अहिल्यानगर जिल्ह्यांतील गंगापूर, दारणा, भंडारदरा, मुळा हीं धरणें, खालीं जायकवाडी. २००५ च्या कायद्यानें जलसंपत्ति नियमन प्राधिकरण स्थापन झालें, आणि टंचाईची झळ सर्वांनीं सारखी सोसावी, असें तत्त्व त्यांत लिहिलें गेलें. तत्त्व लिहिणें सोपें. "सारखी" म्हणजे किती हें कोण सांगणार? २०१३ च्या मेंढेगिरी समितीनें या प्रश्नाला कोष्टकाचें रूप दिलें: पावसाळा चांगला, मध्यम कीं वाईट, त्याप्रमाणें प्रत्येक धरणसमूहांत किती सांठा राहावा आणि खालीं किती सोडावें. १५ ऑक्टोबरला जायकवाडीचा उपयुक्त सांठा ६५ टक्क्यांहून कमी असेल, तर वरून पाणी सोडण्याचा विचार सुरूं व्हावयाचा. प्राधिकरणाच्या २०१४ च्या निर्णयाला हाच आधार होता. वरचे म्हणतात, आंकडा अधिक आहे. खालचे म्हणतात, कमी आहे. मोर्चे निघतात, न्यायालयांत वाद होतात, आणि दरवर्षीं ऑक्टोबर जवळ आला कीं वर्तमानपत्रांतून ही पासष्ट टक्क्यांची चर्चा पुन्हां पेटते.

कोष्टकावर माझी स्वतःची श्रद्धा तलवारीहून अधिक आहे. ज्या खोऱ्यांत पूर्वीं प्रश्न वजनदार माणसांच्या शब्दानें सुटत, तेथें तो एका आंकड्याच्या चर्चेनें सुटावा, ही लहान सुधारणा नव्हे. पण कोष्टक निवाडा देऊं लागलें कीं त्याच्यामागचें गणित उघड्यावर हवें. पाऊस कोणत्या वर्षांचा धरला, बाष्पीभवन किती मानलें, विहिरींचा उपसा हिशेबांत घेतला कीं सोडला, हें ज्याच्या वांट्याचें पाणी ठरतें, त्याला त्याच्या भाषेंत वाचावयास मिळालें पाहिजे. साताबाराचा उतारा निरक्षर शेतकरीही दुसऱ्याकडून वाचवून घेतो, कारण त्यांत त्याची जमीन आहे. त्याचें पाणी ज्या कागदांत आहे, ते कागद बहुधा इंग्रजींत आणि कार्यालयांच्या कपाटांत असतात. माझ्या महाविद्यालयांतील गणिताच्या वर्गांत इंग्लिसचें तें तीन पायऱ्यांचें सूत्र मीं फळ्यावर मांडलें, तेव्हां शेतकऱ्यांच्या घरचीं मुलें जितक्या तन्मयतेनें ऐकत होतीं, तितकीं तीं मला क्वचितच दिसलीं आहेत.

आणि या कागदांत सारें कांहीं निश्चित नसतें, हेंही लोकांना कळलेलें बरें. भूजल सर्वेक्षण यंत्रणेनें महाराष्ट्राचे १,५३१ पाणलोट पाडले आहेत. सरासरी प्रत्येकाचें क्षेत्र दोनशें चौरस किलोमीटरांच्या आसपास. हे चौकोन नव्हेत, माथ्याच्या रेषांनीं पाडलेले तुकडे आहेत. त्यामुळें घाटाच्या दोन बाजूंचा हिशेब दोन खात्यांत पडतो. प्रत्येक पाणलोटांत कांहीं विहिरी निवडलेल्या असतात, आणि वर्षांतून चार वेळां माणूस जाऊन त्यांतील पाण्याची खोली मोजतो. उन्हाळ्याच्या अखेरची आणि पावसाळ्यानंतरची पातळी यांतील फरक घ्यावा, क्षेत्रफळानें गुणावा, आणि खडकाच्या एका घनमीटरांतून किती पाणी सुटतें त्या प्रमाणानें पुन्हां गुणावा. आमच्या मुरमासाठीं हें शेवटचें प्रमाण शंभरास दोन धरतात. दोनशें चौरस किलोमीटरांत पातळी पांच मीटर चढली, तर दोन कोटी घनमीटर पाणी जमेस आलें. प्रमाण शंभरास एक असेल तर एकच कोटि. तीन असेल तर तीन. खडक गांवागणिक बदलतो, आणि आमच्या प्रदेशांत हें प्रमाण एक ते तीनच्या दरम्यान कोठेंही असूं शकतें. पाणलोट सुरक्षित आहे कीं त्याचा उपसा मर्यादेबाहेर गेला आहे, नव्या विहिरीला परवानगी व कर्ज मिळेल कीं नाहीं, हें या एका आंकड्यावर झुलत असतें. तो नक्की करण्याचा उपाय जुनाच आहे: गांवोगांवच्या विहिरींवर पंप लावून, उपसा थांबल्यावर पाणी किती वेळांत आणि कितपत वर येतें, तें घड्याळ घेऊन पाहत बसणें.